ज्यानं माझा हात चालवला

१

वकिलांनी चौथं कलम दोनदा वाचलं, कारण पहिल्या वेळी ते कुणालाच कळलं नव्हतं.

“‘मागची खोली, तिच्यातलं सगळं सामान आणि माझे ब्रश, ज्यानं माझा हात चालवला त्याला द्यावेत. तो कोण, हे त्याचं त्याला ठाऊक आहे. खोलीची किल्लीही त्याच्याचकडे आहे.’”

थोरलीनं मान हलवली. बाप जाऊन तीन आठवडे झाले होते आणि या तीन आठवड्यांत मान हलवण्यापलीकडे तिनं फारसं काही केलं नव्हतं. ती पोचली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. रडू आलं नाही. भूक लागत होती, झोप येत होती, वेळच्या वेळी दात घासले जात होते. दाढ काढायला सुई टोचली की गाल जसा आपला राहत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं.

शेजारच्या खुर्चीत धाकटा भाऊ होता. त्याच्या पलीकडे त्याची बायको, हात मांडीवर आणि नजर हातांवर. भावाबहिणीत आठ वर्षं बोलणं नव्हतं. आजही दोघं वकिलांच्या तोंडूनच एकमेकांशी बोलत होती.

“हा कोण म्हणे?” धाकट्यानं वकिलांना विचारलं.

“मीही विचारलं होतं. नाव घालू या म्हटलं. तर तुमचे वडील म्हणाले, नाव घातलं तर घरात तंटा होईल. कागदावरची भाषा माझी, वकिली, म्हणणं त्यांचं. महिनाभरात कुणी पुढं आलं नाही, तर खोलीही घरासारखीच तुम्हा दोघांत निम्मी.”

“किल्लीबिल्ली मला माहीत नाही. मी कुलूप तोडणार,” धाकटा म्हणाला.

“महिना होऊ द्या,” थोरली वकिलांकडे बघत म्हणाली आणि मृत्युपत्र पुढे ओढून तिनं खालची सही पाहिली.

तिचं पोट अक्षरांवर होतं. दूरच्या शहरातल्या एका कार्यालयात ती अठरा वर्षं हस्ताक्षरतज्ज्ञ म्हणून काम करत होती. खोट्या सह्या, मागाहून बदललेले कागद, निनावी धमक्या, सगळं तिच्या टेबलावर यायचं. बापाची सही मुंगीएवढी होती. पहिलं अक्षर जेमतेम वाचता येत होतं, पुढची आक्रसत, थरथरत कागदात बुडून गेलेली. कंपवाताच्या रोग्याची सही. अशा शंभर तरी तिनं पाहिल्या होत्या. खाली तारीख होती, चौदा महिन्यांपूर्वीची, नऊ.

त्याच महिन्याच्या अकरा तारखेचं बापाचं पत्र तिच्या पिशवीत होतं. टपोऱ्या, गोल, पाटीवर शोभेल अशा अक्षरातलं. पूर्ण चार पानं.

एका आठवड्यात एका माणसाचे दोन हात होते.

२

बाप पेंटर. त्याला नावानं कुणी हाक मारली नाही. न्हाव्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळे ‘पेंटर’च म्हणायचे. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, दवाखान्यांच्या वेळा, सगळं त्याच्या हातचं. चार वर्षांपूर्वी तो हात आपोआप हलू लागला. थोरली तेव्हा येऊन गेली, डॉक्टरांकडून औषधं समजून घेतली आणि नोकरीवर परतली. फोनवर बाप पहिल्यापासूनच दोन वाक्यांचा धनी. “बरा आहे. पत्र लिहितो,” की संपलं. पुढे पुढे तो फोनवर यायचाच बंद झाला. “झोपलेत,” असं भावजय सांगायची. पण महिन्याला एक पत्र चुकलं नाही. ‘प्रिय टिंब’ अशी सुरुवात. लहानपणी ती ठेंगणी आणि गोल होती, म्हणून टिंब.

ते अक्षर बघून तिला वाटायचं, आजार ताब्यात आहे. जगाच्या सह्या भिंगाखाली घालणाऱ्या बाईनं बापाची पत्रं मात्र नुसती वाचली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता बापाच्या खोलीत, त्याच्या टेबलावर तिनं गेल्या सव्वादोन वर्षांतल्या सव्वीस पत्रांपैकी पंचवीस तारखेनं मांडली. भिंग लावलं. अर्ध्या तासात खात्री पटली. नक्कल फार सुरेख होती, पण नक्कल होती. बाप ‘न’ची गाठ एका दमात मारायचा, इथे गाठीपाशी पेन क्षणभर थांबलेलं होतं, पंचवीसच्या पंचवीस पत्रांत. असा हात कुणी जवळ बसवून शिकवल्याशिवाय येत नाही.

सतरावं पत्र तिनं बाजूला काढलं. दहा महिन्यांपूर्वीचं. तिनं रजा टाकली होती, तिकीट काढलं होतं, आणि हे आलं होतं. “येऊ नकोस. मी ठणठणीत आहे. धाकटा गाढव आहे, पण करतो सगळं. तू आलीस तर उगाच धावपळ. माझं ऐक, येऊ नकोस.” तिनं ऐकलं होतं. तिकीट परत केलं होतं.

“ताई, चहा.” भावजय दारात उभी होती. “हे उशिरा येतील आज, दुसरी पाळी आहे. तुम्ही जेवून घेता का?”

“ठेव तिथं.”

कप ठेवून ती आली तशी गेली. आठ वर्षांपूर्वी, लग्न ठरताना, थोरली याच घरात म्हणाली होती, “दहावीला दोनदा बसलेली मुलगी. हिला धड चार ओळी तरी लिहिता येतात का?” बाहेरच्या खोलीत मुलगी बसली होती आणि मधलं दार उघडं होतं. धाकट्यानं त्या दिवसापासून बोलणं टाकलं ते टाकलंच.

चहावर साय धरली. थोरली ‘येऊ नकोस’ या दोन शब्दांकडे बघत राहिली. बापाला शेवटचं बघायचा हक्क त्यांनी काढून घेतला होता. ते शब्द बापाचे नसतील, तर कुणाचे होते?

३

मास्तर बापाचे बुद्धिबळाचे सोबती. शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झालेली, घर समोरच्याच गल्लीत, रोज संध्याकाळी पाचला हजेरी.

“अक्षराचं मला विचारतेस?” मास्तर हसले. “अगं, तुझ्या बापानं ‘क्ष’ माझ्या फळ्यावरून उचलला.”

“मग चार ओळी लिहून दाखवा.”

“संशय घेतेस की कौतुक करतेस?”

“दोन्ही.”

त्यांनी लिहिलं. अक्षर खरोखरच बापाच्या अक्षराचा थोरला भाऊ वाटावं असं होतं. पण दुसरी ओळ पहिलीत घुसली आणि तिसरी कागद सोडून टेबलावर उतरली. मास्तरांनी खजील होऊन पेन ठेवलं. “मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. प्यादी हातानं चाचपून खेळतो मी.”

सव्वीस पत्रांतल्या ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ होत्या. थोरलीनं मनातल्या यादीतून मास्तरांना खोडलं.

“पत्रं टपालात मीच टाकायचो, एवढं खरं,” ते म्हणाले. “टेबलावर बंद पाकीट असायचं, पत्ता घातलेलं. फिरायला निघताना मी उचलायचो.”

“कुणाला सांगून लिहवून घेत होते का बाबा?”

“आधी घेत असेल. पण नंतर सांगणार कसा?”

“म्हणजे?”

मास्तरांनी धुरकट डोळे तिच्याकडे वळवले. “तुला कुणी सांगितलं नाही? हातामागून त्याचा आवाज गेला. आधी कुजबुज, मग नुसते ओठ. नऊ महिने झाले असतील. शह द्यायचा तोसुद्धा भुवईनं. पाटी-पेन्सिल दिली तर हात कुठच्या कुठे जायचा. शेवटी शेवटी ‘हो’ला डोळे मिटायचे, ‘नाही’लाही मिटायचे.”

थोरली बोटांवर मोजू लागली. नऊ महिने, म्हणजे शेवटची नऊ पत्रं. ती बापानं लिहिली नव्हती, आणि सांगितलीही नव्हती.

४

नर्स दवाखान्याच्या मागच्या पायरीवर डबा खात बसली होती. पन्नाशीची, रुंद मनगटाची बाई. सव्वादोन वर्षं ती सकाळी आठ ते रात्री आठ बापाकडे होती. आता पुन्हा दवाखान्यात लागली होती.

“बसा. डोळे कोरडे आहेत तुमचे,” ती म्हणाली. “काही जणांचं असंच होतं. पाणी आत साचतं. येईल कधीतरी, भलत्याच वेळी.”

“बाबांच्या नावानं मला पत्रं कोण लिहायचं?”

नर्सनं घास थांबवला नाही. “मी नाही. मला ताप आणि नाडी लिहायची सवय. शब्द लिहायला बसले की हात आखडतो.”

“मागच्या खोलीत कोण जायचं?”

“दुपारी दोन ते चार मला सुट्टी असायची. मी पुढच्या खोलीत आडवी व्हायची. मागचं दार लावलेलं असायचं, त्यांची चाकाची खुर्ची आत. रंगाचा वास यायचा. कोणीतरी हळू बोलायचं.” तिनं डब्याचं झाकण लावलं. “मी विचारलं नाही. लोकांच्या घरात बारा तास काढायचे तर दोन गोष्टी न बघता काढाव्या लागतात.”

“धाकटा असायचा दुपारी घरी?”

“एक आठवडा आड. छापखान्यात त्याची पाळी बदलायची ना. सकाळच्या पाळीला असला की दीडला यायचा. चांगला आहे हो तुमचा भाऊ. तोंडानं फटकळ, पण बापाला अंघोळ कधी माझ्यावर सोडली नाही. पाळीवर जाण्याआधी स्वतः घालायचा, आल्यावर पाय चोळायचा.”

थोरली उठली. बापानं पाट्या रंगवायला आयुष्यात एकालाच बसवून शिकवलं होतं, मुलाला. मुलानं दोन वर्षांत ब्रश टाकून छापखाना धरला होता. थोरलीनंही मागितला होता ब्रश, चौदाव्या वर्षी. “शिडीवर चढायचं काम मुलींचं नाही,” असं बापानं सांगितलं होतं आणि तिनं पुन्हा विचारलं नव्हतं.

हात शिकलेला. घरातला. दुपारी मोकळा. आणि बहिणीवर आठ वर्षांचा राग असलेला. “येऊ नकोस” लिहायला याहून काय लागतं?

५

धाकटा अंगणात सायकलची साखळी बसवत होता. त्याच्यासमोर उभं राहून थोरलीनं आठ वर्षांतलं पहिलं वाक्य थेट त्याला म्हटलं.

“पत्रं तू लिहिलीस?”

त्यानं वर पाहिलं. आधी तिच्याकडे, मग मागे, जणू दुसऱ्याच कुणाला विचारलं असावं.

“कसली पत्रं?”

“बाबांची. मला आलेली. अक्षर त्यांचं, हात दुसऱ्याचा. मी येऊ नये असंही लिहिलंय त्यात.”

“मी?” तो उभा राहिला. “तुला दोन ओळी लिहायच्या असत्या तर आठ वर्षांत लिहिल्या नसत्या? आणि लिहिल्या असत्या, तर माझ्या नावानं लिहिल्या असत्या. शिव्यांसकट.”

“मग तुला काय वाटत होतं, कोण लिहितं?”

“मास्तर. मास्तर येतात, पाकीट जातं. मी विचारलं नाही. तुझं नाव या घरात मी काढत नव्हतो.” त्यानं हाताचं वंगण फडक्याला पुसलं. त्याचा आवाज खाली आला. “तू आली नाहीस ना, मला वाटलं तुला यायचंच नाही. मी त्यांना उचलायचो, आणि प्रत्येक वेळी मनात तुझी गैरहजेरी मोजायचो.”

थोरलीला यावर काही वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. ती खोलीत परत आली.

तो खोटं बोलत असेल का? खोटं बोलणारे बहुधा कारणं देतात. यानं शिव्या कबूल केल्या होत्या. पण हा पुरावा नव्हे. पुरावा कागदावरच हवा, आणि कागद संपले होते. पंचवीस पत्रं तिनं भिंगाखाली घातली होती.

उरलेलं एक अजून तिच्या पर्समध्ये होतं. पाच महिन्यांपूर्वीचं. आधी कामावर टेबलाच्या खणात असायचं, आता तिच्याबरोबर. त्यातला एक परिच्छेद तिला तोंडपाठ होता. “तू ब्रश मागितलास आणि मी दिला नाही. तिथे मी चुकलो, टिंब.” जन्मात कधी माफी न मागितलेल्या बापानं एवढं लिहिलं होतं. ते पत्र खोटं आहे, हे मास्तर बोलले तेव्हाच ठरलं होतं. तरीही त्याला भिंग लावायचा धीर तिला झाला नव्हता.

तिनं घडी उलगडली. भिंग ‘चुकलो’वर आणलं. आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

६

‘लो’ लिहिताना मात्रा कान्याच्या डोक्यावर बसते. पहिलीतल्या पोरालाही हे शिकवतात. इथे मात्रा ‘ल’च्या डोक्यावर होती. काना तिच्या शेजारी एकटा, बोडका उभा होता, पुढच्या स्वल्पविरामाला खेटून. वर बघितलं तर शिरोरेघ आधी वाळलेली, काना तिच्यावरून नंतर खाली आलेला.

आधी इथे ‘चुकले’ लिहिलेलं होतं. मागून काना देऊन त्याचं ‘चुकलो’ केलं होतं.

थोरलीनं शेवटची नऊ पत्रं पुन्हा पुढे घेतली. आता काय शोधायचं ते कळलं होतं. “मी खिडकीत बसतो” – मात्रा ‘त’वर, काना मागून. “रात्री दोनदा उठलो” – तसंच. नऊ पत्रांत मिळून चौदा ठिकाणी. आधीच्या सतरा पत्रांत? एकही नाही.

तिनं खिडकी उघडली आणि एखादा अहवाल सांगावा तसं मनाशी लावून पाहिलं. ‘मी चुकले, मी बसते, मी उठले.’ पुरुषाच्या हातून बेसावधपणे हे येत नाही. चौदा वेळा तर नाहीच. लिहिणारी बाई होती. बाप सांगत होता तोवर ऐकलं तसं उतरवत गेली, म्हणून सतरा पत्रांत चूक नाही. सांगणारा गप्प झाल्यावर वाक्यं तिची तिलाच घडवावी लागली. तिथे तिची स्वतःची भाषा निसटली, आणि तिनं ती काने देऊन सावरली.

म्हणजे ‘येऊ नकोस’ खरंच बापाचं होतं. सतरावं पत्र, शेवटचं सांगितलेलं.

आणि ‘मी चुकलो’ बापाचं नव्हतं.

ती बराच वेळ खिडकीत उभी राहिली. मग कामाला लागली, कारण काम येत होतं. घरात बायका दोन, नर्स आणि भावजय. दुपारी दोघीही घरात. हाताला वळण लागलंय म्हटल्यावर जुनं अक्षर कसं होतं, यानं काही सिद्ध होत नाही. मग?

तिनं भिंग बाजूला ठेवलं आणि पत्रं पुन्हा नुसती वाचली, धाकट्याचा उल्लेख येईल तिथे थांबत. आधीच्या सतरांत बाप ओळखू येत होता. “धाकटा उशिरा आला.” “धाकटा गाढव आहे.” शेवटच्या नऊंत मात्र धाकटा कुठेच ‘आला’ नव्हता, ‘गेला’ नव्हता. “धाकट्याचं येणं उशिरा झालं.” “धाकट्याकडून औषध आणून झालं.” वाक्यं अंग चोरून, वळसा घालून चालली होती. मुलाला ‘तो आला’ म्हणायला बापाला काय अडचण?

बापाला नव्हतीच. नर्सलाही नव्हती; ती खुशाल ‘तो’ म्हणत होती, ‘पाय चोळायचा’ म्हणत होती. अडचण एकीलाच होती. बापाचं सोंग घेऊनसुद्धा जिच्या हातून नवऱ्याला ‘तो आला’ लिहवेना, आणि ‘हे आले’ लिहिता येईना.

थोरली स्वयंपाकघरात गेली. भावजय ओट्याशी पाठमोरी उभी होती.

“मागच्या खोलीची किल्ली दे,” थोरली म्हणाली.

भावजयीनं नळ बंद केला. कमरेच्या पिशवीतून किल्ली काढली आणि स्वतःच कुलूप उघडायला निघाली.

७

खोलीत टर्पेंटाइनचा वास होता. ब्रश धुऊन, आकारानं लावून ठेवलेले. भिंतीला टेकवलेल्या फळ्या होत्या, तोंडं आत. थोरलीनं एक फिरवली. वर ‘अ’ होता. ‘अ’च्या खाली ‘अ’, चाळीस वेळा, वाकड्यापासून सरळापर्यंत.

“पाट्या अजून शिकतच होते,” भावजय म्हणाली. “पत्रंच तेवढी जमली.”

“कधीपासून?”

“त्यांच्या हातातून पेन पडायला लागलं तेव्हापासून. एकदा मी उचलून दिलं. ते म्हणाले, आता तूच धर. आधी मी ब्रश धरायचे आणि ते मनगट धरायचे. त्यांचा हात हलायचा ना, माझाही हलायचा. हसायचे. म्हणायचे, कंप माझा, अक्षर तुझं.”

“धाकट्याला का नाही सांगितलंस?”

“बाबांनी बजावलं होतं. तुमचं नाव काढलं की हे चिडायचे. पत्रं बंद झाली असती.”

“आणि तू? मी तुला काय म्हटलं होतं, ते ऐकलं होतंस तू.”

“ऐकलं होतं.” ती ब्रशाचे केस बोटांनी सारखे करत राहिली. “पहिलं पत्र रागानंच लिहिलं, ताई. म्हटलं, बघा धड चार ओळी. चारच्या चाळीस केल्या. मग तुमचं उत्तर आलं, ते मीच वाचून दाखवलं. मग पुढच्या उत्तराची वाट बघायला लागले. राग केव्हा गेला ते कळलं नाही. गेला म्हणून मला रागच आला थोडा.”

थोरली स्टुलावर बसली. “‘येऊ नकोस’ त्यांचं.”

“त्यांचं. मी तीनदा विचारलं, नक्की लिहू का? तिन्ही वेळा हो म्हणाले. म्हणाले, तिनं मला शिडीवर बघितलंय, तेच राहू दे. त्यानंतर पंधरा दिवसांत आवाज गेला. मला लिहिता आलं असतं, ये म्हणून. दर महिन्याला हात तिथे थांबायचा. पण ते त्यांचं शेवटचं सांगणं होतं. मी मोडलं नाही.” ती भिंतीकडे बघत बोलत होती. “ही खोली मला नको. खोटेपणाचं बक्षीस आहे ते. म्हणून वकिलांसमोर गप्प बसले.”

“आणि ‘मी चुकलो’?”

भावजयीनं ब्रश जागेवर ठेवला.

“ते तुझं आहे, हे मला माहीत आहे. का लिहिलंस, एवढं सांग.”

“तुम्ही एका उत्तरात लिहिलं होतं, चौदाव्या वर्षी ब्रश मागितल्याचं. मी ते वाचून दाखवलं तेव्हा माझ्या हातात तोच ब्रश होता. मला काही सुचेना. वाटलं, कुणीतरी तुम्हाला तसं म्हणायला हवं.” ती पहिल्यांदा थोरलीकडे वळली. “पत्र पाकिटात घालायच्या आधी मी त्यांना वाचून दाखवलं. सगळीच दाखवायचे. त्या ओळीला त्यांनी डोळे मिटले. तो होकार होता की नकार, मला कळलं नाही. कळलं असं म्हणून तुम्हाला आता खोटं नाही सांगणार.”

बाहेर कुणीतरी बादली ठेवली. थोरलीला नर्सचं म्हणणं आठवलं, भलत्याच वेळी येईल म्हणून. आलं नाही. फक्त खूप दिवसांनी पाय गार पडल्याचं तिच्या लक्षात आलं, आणि तिनं चप्पल घातली.

“खोली तुझीच,” ती म्हणाली. “बक्षीस नाही, मजुरी आहे. मी वकिलांना लिहून देते.”

८

अहवाल तीन ओळींचा झाला. वकिलांनी वाचला, चष्मा पुसला, आणि म्हणाले, “तुमचे वडील म्हणालेच होते, थोरली शोधून काढेल.”

“असं म्हणाले?”

“कुजबुजले. मी नोंदवून घेतलं नाही. कायद्याला त्याचं काही नव्हतं.”

घरी धाकट्याला तिनंच सांगितलं, भावजयीसमोर. तो बायकोकडे वळला.

“दुपारी डोकं दुखतं म्हणून दार लावायचीस ते हे?”

“हो.”

“आणि मी तीनदा डॉक्टर बदलले तुझे!”

भावजय हसू दाबायला गेली आणि जमलं नाही. तो हसला नाही, पण चिडलाही नाही. बाहेर जाऊन सायकलीपाशी उभा राहिला, परत आला आणि टेबलाशी, थोरलीच्या समोर बसला.

“माझ्याबद्दल काय असायचं त्यात?” त्यानं विचारलं. “मला ते कधी काही बोलले नाहीत. अंघोळ घालताना भिंतीकडे तोंड. आवाज होता तेव्हाही. तुला पानंच्या पानं, आणि मला एक शब्द नाही. मला त्या पाकिटांचा फार राग यायचा.”

थोरलीनं गठ्ठा त्याच्यापुढे सरकवला. “वाच.”

तो वाचू लागला. ‘गाढव’ आलं तिथे नाकातून आवाज काढला. पत्रं एकेक करून उलटी पडत गेली. विसाव्या की एकविसाव्या पत्राशी तो थांबला आणि ओळीवर बोट ठेवून हळू, शाळेतल्यासारखं वाचू लागला.

“‘धाकट्याचा हात हलका आहे. अंघोळीचं पाणी अंगावर पडतं ते कळत नाही, इतका. शिडीवर मी आयुष्यभर अक्षरं सांभाळली, पण मला कुणी सांभाळलं असेल तर या हातानं.’”

भावजय दारात उभी होती. तिची बोटं चौकटीवर पांढरी झाली होती.

“हे बाबांनीच सांगितलं ना?” धाकट्यानं विचारलं. त्यानं वर पाहिलं नाही. “तू तज्ज्ञ आहेस. बघून सांग. हे त्यांचं, की हिचं?”

त्यानं पत्र तिच्याकडे फिरवलं. तारीख आवाज गेल्यानंतरची होती. वाक्यात धाकटा कुठे आला नव्हता, कुठे गेला नव्हता. अठरा वर्षांत थोरलीनं एकही खोटा निर्वाळा दिला नव्हता. तिच्या एका शब्दावर लोक तुरुंगात गेले होते, सुटलेही होते. तिनं कागद उजेडाकडे धरला. घाई केली नाही. शेवटपर्यंत बघितला, आणि भावजयीकडे एकदाही न बघता खाली ठेवला.

“बाबांचं,” ती म्हणाली.

“नक्की?”

“नक्की.”

धाकट्यानं मान खाली घातली. त्याचे खांदे हलू लागले, आणि ते बघता बघता थोरलीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज न करता, कुणी विसरून नळ थोडा उघडा ठेवावा तसं.

“हे एक पत्र मी ठेवू?” जरा वेळानं त्यानं विचारलं.

“ठेव,” ती म्हणाली.